जेएमएफसी ते हायकोर्टाची सीनियर जज : आधी वयाचं गणित समजून घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला, नागपुरात शिकते, घर रामटेककडे, जेएमएफसीची (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे तालुका कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेची) तयारी करायची आहे. घरचे म्हणतात बदल्या असतात, लग्न झाल्यावर जमणार नाही. मैत्रिणी म्हणतात खालच्या कोर्टातून लागलं की हायकोर्टापर्यंत कोणी पोचत नाही. तर मोठ्या पदावर गेलेल्या न्यायाधीश बायकांचं करिअर नेमकं झालं कसं ते सांगा, असं तिचं म्हणणं.

मी नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात दोन्हीकडे बरीच वर्षं वकिली केली आहे, माझ्याकडे ज्युनिअर म्हणून काम केलेल्या काही पोरी आज न्यायाधीश आहेत, म्हणून उत्तर जरा लांबच होणार, निवांत वाच.

सगळ्यात आधी हे डोक्यात घे की कोर्टात सीनियॉरिटी म्हणजे शपथेची तारीख. हायकोर्टात कोण कोणाच्या वर, हे ज्याने आधी शपथ घेतली त्यावरून ठरतं, आणि एकाच दिवशी चार जणांनी घेतली तर कोणी पहिली घेतली ते बघतात. आणि दुसऱ्या टोकाला निवृत्तीचं वय पक्कं बांधलेलं, जिल्हा न्यायाधीश 60, हायकोर्ट 62, सुप्रीम कोर्ट 65. म्हणजे किती वर जाशील हे तू आत कितव्या वर्षी शिरलीस यावर फार अवलंबून आहे, हुशारी वगैरे त्याच्यानंतर. हे कॉलेजात कोणी सांगत नाही, आणि मला विचारशील तर बायका वर कमी का दिसतात याचं अर्धं उत्तर इथंच आहे, कारण 28 ते 40 ही जी वर्षं या गणितात सगळ्यात महाग आहेत तीच वर्षं घरचे लोक आपल्याकडून फुकटात मागतात.

आता उदाहरणं बघ. खालच्या कोर्टातून कोणी पोचत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणींना फातिमा बीवींचं नाव सांग. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश त्याच, आणि सुरुवात अगदी तळातून, मुन्सिफ (खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश) म्हणून. केरळमधल्या पथनमथिट्टाच्या, जन्म 1927 चा. त्यांना सायन्समध्ये पुढे शिकायचं होतं पण वडिलांनी लॉ घ्यायला लावलं, कारण तिकडे अॅना चांडी 1937 मध्येच मुन्सिफ झाल्या होत्या आणि वडिलांच्या डोळ्यासमोर ते उदाहरण होतं. (त्याच चांडी 1959 मध्ये केरळ हायकोर्टात गेल्या.) बीवींनी 1950 मध्ये वकिली सुरू केली, 1958 मध्ये मुन्सिफ झाल्या, मग 1968, 1972, 1974 अशा एकेक पायऱ्या चढत जिल्हा व सत्र न्यायाधीश, 1980 मध्ये इन्कम टॅक्स ट्रिब्युनल, 1983 मध्ये हायकोर्ट. आता वय लाव. हायकोर्टात पोचल्या तेव्हा 56, म्हणजे हातात सहा वर्षं. एप्रिल 1989 मध्ये त्या निवृत्तसुद्धा झाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टावर नेमणूक आली. निवृत्त झालेल्या बाईंना परत बोलावलं तेव्हा कुठं सुप्रीम कोर्टाला पहिली महिला न्यायाधीश मिळाली! तिथंही तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत, एप्रिल 1992 मध्ये 65 झाले. 31 वर्षांचं करिअर आत घालवलं तेव्हा शेवटची ती अडीच वर्षं हाती लागली.

दुसरा रस्ता वकिलीतून सरळ हायकोर्टाचा, तो सुजाता मनोहर यांचा. मुंबई हायकोर्ट 1862 चं, तिथं पहिली महिला न्यायाधीश 1978 मध्ये आली ती सुजाता मनोहर. 116 वर्षं! वय 44 च्या आत, त्यामुळे पुढे सगळं नीट जुळलं: मुंबईच्या मुख्य न्यायाधीश, मग केरळच्या, 1994 मध्ये सुप्रीम कोर्ट, 1999 पर्यंत पाच वर्षं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल 1997 चा जो विशाखा निकाल तू कॉलेजात पाठ केलास त्या बेंचवर न्या. वर्मा आणि न्या. कृपाल यांच्यासोबत त्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्यांचे वडील गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि त्या स्वतः ऑक्सफर्डला शिकून आलेल्या. त्यांची योग्यता कमी होत नाही याने, पण रामटेकच्या पोरीने तेच नकाशे उचलून चालत नाही.

आपल्याला जवळचा वाटावा असा रस्ता रंजना देसाईंचा आहे असं मला वाटतं. 1973 पासून मुंबईत वकिली, मग सरकारी वकील, 1996 मध्ये हायकोर्ट, 2011 मध्ये सुप्रीम कोर्ट. कसाबच्या फाशीवर हायकोर्टात शिक्कामोर्तब केलं ते फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांच्याच बेंचने. सरकारी वकिलीचा हा जो टप्पा आहे तो हलका समजू नको. बाईकडे मोठे दिवाणी मॅटर, कंपन्यांचे ब्रीफ लवकर येत नाहीत, अजूनही येत नाहीत, पक्षकार विचारतोच की मॅडम, सोबत एखादे सर पण राहतील ना? पण एजीपी किंवा एपीपी (सहायक सरकारी वकील) झालीस की रोज बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या केसच्या यादीत, दहा मॅटरमध्ये तुझं नाव, रोज न्यायाधीशांसमोर उभं राहणं, आणि नाव सुचवायची वेळ येते तेव्हा ज्यांचं काम डोळ्याने बघितलं त्यांचंच नाव आठवतं. नागपूर खंडपीठातूनच बघ ना, न्या. भारती डांगरे 2017 मध्ये हायकोर्टात गेल्या त्याआधी इथं सरकारी वकील होत्या.

तिसरा रस्ता मधला आहे आणि त्याबद्दल पोरींना सगळ्यात कमी माहिती. सात वर्षं वकिली झाली की थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा देता येते, घटनेच्या कलम 233 मध्येच आहे. तामिळनाडूच्या न्या. भानुमती 1988 मध्ये अशाच थेट जिल्हा न्यायाधीश झाल्या, वय 33 च्या आसपास. 2003 मध्ये हायकोर्ट, 2013 मध्ये झारखंडच्या मुख्य न्यायाधीश, 2014 मध्ये सुप्रीम कोर्ट, पुढे न्यायाधीशांची नावं ठरवणाऱ्या कॉलेजियममध्येसुद्धा बसल्या. फातिमा बीवी जिल्हा न्यायाधीश झाल्या 47 व्या वर्षी, या 33 व्या. त्या 14 वर्षांच्या फरकानेच एकीला अडीच वर्षं मिळाली आणि दुसरीला सहा.

न्या. नागरत्ना यांचं तर तुला माहीतच असेल, सप्टेंबर 2027 मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील आणि ते पद मिळणार 36 दिवस. 2008 मध्ये हायकोर्टात आल्या तेव्हा वय 45, म्हणजे उशिरा म्हणता येणार नाही, तरी शेवटी 36 दिवस. (गंमत म्हणजे फातिमा बीवींची नेमणूक झाली तेव्हा सरन्यायाधीश होते नागरत्नांचे वडील, न्या. वेंकटरामय्या.) 1950 पासून 2025 पर्यंत सुप्रीम कोर्टात महिला न्यायाधीश झाल्या एकूण 11, त्यातल्या तिघींनी एकाच दिवशी शपथ घेतली, 31 ऑगस्ट 2021 ला, आणि जून 2025 मध्ये बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर नागरत्ना एकट्याच उरल्या. त्रिवेदी मॅडमसुद्धा ट्रायल कोर्टातूनच वर आलेल्या, अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात 1995 मध्ये लागल्या तेव्हा वडीलही तिथंच न्यायाधीश होते.

आता नागपूरचं. आपलं हायकोर्ट 1936 चं, तेव्हा ते स्वतंत्र नागपूर हायकोर्ट होतं, सिव्हिल लाइन्समधली घुमटाची बिल्डिंग 1940 ची. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण खंडपीठ झालो. याचा तुझ्या करिअरशी संबंध असा, की इथून नाव गेलं तरी यादी मुंबई हायकोर्टाची एकच, सीनियॉरिटी मुंबई, संभाजीनगर, गोवा सगळ्यांसोबत, आणि कोणाला कुठं बसवायचं ते मुख्य न्यायाधीश ठरवतात. नागपूरची आहे म्हणून नागपुरातच बसायला मिळेल असं काही नाही. नाव ठरवण्याची पद्धत तुला माहीत आहे, हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि दोन सीनियर न्यायाधीश नाव पाठवतात, मग दिल्ली. इथं बसणाऱ्या बाईला मुंबईतल्या लोकांनी ओळखायचं कसं हा प्रश्न असतोच, त्यासाठी निकाल बोलावे लागतात, दुसरा काही मार्ग नाही.

घरच्यांच्या बदलीच्या मुद्द्यावर येते, तो खोटा नाहीच. निवड झाली की उत्तनच्या न्यायिक अकादमीत ट्रेनिंग, मग पहिलं पोस्टिंग तालुक्याला. स्वतःच्या जिल्ह्यात मिळत नाही. साधारण तीन वर्षांनी बदली, ऑर्डर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास येतात, म्हणजे पोरांच्या शाळेच्या अॅडमिशन आणि सामान बांधणं एकाच वेळी, तेही विदर्भातल्या मे महिन्यात. नवरा-बायको दोघं न्यायाधीश असतील तर जवळ द्यायचा प्रयत्न करतात, नवरा बँकेत किंवा प्रायव्हेटमध्ये असेल तर दोन घरं चालवायची तयारी ठेव.

तालुक्याचं आयुष्य कसं राहते ते सांगते. सकाळी अकराला डायसवर, बोर्डावर शंभर मॅटर सहज, त्यात चेकचे, पोटगीचे, शेतीच्या बांधाचे, दारूबंदीचे. साक्षी मराठीत, वकील मराठीत, निकाल संध्याकाळी घरी बसून लिहायचा. रविवार असो की दिवाळी, पोलिसांनी अटक केली तर 24 तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटसमोर आणावाच लागतो, त्यामुळे रिमांड क्वार्टरवर येतो. कडेवर पोरगं आणि ओसरीत बेड्या घातलेला माणूस, हे चित्र माझ्या ज्युनिअर पोरींनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांनाही त्यात विशेष काही वाटत नाही. शिवाय लैंगिक गुन्ह्यात पीडितेचा जबाब, आधीचा 164 चा, आता नव्या कायद्यात कलम 183 चा, शक्यतो महिला मॅजिस्ट्रेटने घ्यायचा असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे. पण आजूबाजूला बाई मॅजिस्ट्रेट एकच असेल तर आजूबाजूचे सगळे जबाब तिच्याकडे, एकेक जबाब दोन-दोन तास, समोरची पोरगी रडते, थांबते, पाणी पिते, परत सुरू करते, घाई करता येत नाही आणि करूही नये. तिचा रोजचा बोर्ड मात्र तेवढाच राहतो.

आणि डिस्पोजल. ठराविक काळात किती केसेस निकाली काढल्या त्याची युनिटं मोजली जातात, लढून निकाल दिला तर जास्त, तडजोडीचं वेगळं. त्यावरून गोपनीय अहवाल, त्यावरून प्रमोशन. प्रत्येक जिल्ह्याला हायकोर्टाचे एक पालक न्यायाधीश असतात त्यांचंही लक्ष असतं. बाळंतपणाची रजा 180 दिवस मिळते, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे जे महिने असतात त्यांचं युनिट कोण देणार? यावर एक निकाल तू नक्की वाच. मध्य प्रदेशात 2023 मध्ये सहा महिला सिव्हिल जजना काम समाधानकारक नाही म्हणून घरी पाठवलं, त्यातल्या चौघींना नंतर परत घेतलं, दोघी राहिल्या. त्यातल्या एकीचा त्या काळात गर्भपात झाला होता, भावाला कॅन्सर होता. सुप्रीम कोर्टाने 28 फेब्रुवारी 2025 ला त्या दोघींना परत घ्यायला लावलं, बेंचवर न्या. नागरत्ना होत्या. माझं मत असं की हा निकाल बेंचवर बाई असण्याचा काय उपयोग असतो या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर आहे. दुसरं उदाहरण बिल्किस बानो प्रकरणाचं, मे 2017 मध्ये मुंबई हायकोर्टात 11 जणांची जन्मठेप कायम ठेवली आणि सुटलेल्या पोलिसांना आणि डॉक्टरांना दोषी धरलं ते न्या. ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर या दोघींच्या बेंचने. पण म्हणून बाई आहे म्हणजे निकाल बाईच्या बाजूने, असं धरून बसू नको. जानेवारी 2021 चा पोक्सोमधला (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) त्वचेला त्वचेचा स्पर्श लागतो म्हणणारा निकाल आपल्याच खंडपीठातून, महिला न्यायाधीशांकडूनच आला होता, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला.

त्यातून आणखी एक गोष्ट कळते. हायकोर्टात आधी अॅडिशनल जज म्हणून घेतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, मग कायम करतात. एरवी ते होऊनच जातं, पण त्या न्यायाधीशांना कायम केलं नाही, एक वर्ष वाढवून दिलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निकाल चूक होता हे माझंही मत. तरी अर्ध्या कायम असलेल्या माणसाच्या डोक्यावर काय टांगलेलं असतं ते लक्षात ठेव. आणि अगदी वर पोचल्यावरही बदली सुटत नाही. ताहिलरमाणी मॅडम 2001 मध्ये, 42 व्या वर्षी हायकोर्टात आल्या, 2018 मध्ये मद्रासच्या मुख्य न्यायाधीश, 75 न्यायाधीशांचं मंजूर बळ असलेलं कोर्ट. 2019 मध्ये त्यांची बदली काढली मेघालयला, तिथं मोजून तीन-चार न्यायाधीश. त्यांनी फेरविचार मागितला, झाला नाही, राजीनामा देऊन घरी गेल्या. तुझ्या घरच्यांना उमरेड-काटोलची काळजी वाटते, हे पण सांगून ठेव.

एकटेपणाबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. वकिलांमध्ये मिसळता येत नाही, बारच्या मैत्रिणीच्या घरच्या लग्नाला जायचं तर विचार करावा लागतो, तालुक्यात साडी घ्यायला गेलं तरी या दुकानदाराचा मॅटर आपल्याकडे नाही ना हे बघावं लागतं. पुरुष न्यायाधीशांना संध्याकाळी सोबत फिरायला, बॅडमिंटनला दोन सहकारी तरी मिळतात, तालुक्याला एकटी बाई असेल तर तेवढंही नाही. काही जणींना हे झेपत नाही, त्यात कमीपणा काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

मग तू काय करायचं. 2025 मध्ये दोन निकाल आले ज्यांनी हे सगळं गणित हलवलं. पहिला 20 मेचा, सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे तुझ्या जेएमएफसीच्याच, परीक्षेला तीन वर्षांची वकिली परत सक्तीची केली. म्हणजे कॉलेज संपल्याबरोबर परीक्षा हा रस्ता बंद, यावर क्लासवाले ओरडले आणि पोरीपण, कारण ती तीन वर्षं म्हणजे घरच्यांना लग्न लावायला मोकळं रान. चिंता खरी आहे. पण ज्या पोरीने कोर्टात कधी तारीख मागितली नाही ती तारीख द्यायला बसली की काय होतं ते मी बघितलंय, म्हणून मला हा निकाल पटतो. दुसरा 9 ऑक्टोबरचा, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, अध्यक्ष आपल्या अमरावतीचे न्या. गवई. त्यात ठरलं की वकिली आणि न्यायाधीशाची नोकरी मिळून सात वर्षं झाली असतील तर सेवेतला माणूसही थेट जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू शकतो, वय किमान 35. आधी सेवेत गेलं की हा दरवाजा बंद व्हायचा. याचा अर्थ नीट बघ. 23 ला सनद (वकिलीचा परवाना), 26-27 ला जेएमएफसी, आणि 35 ला थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा, नोकरी न सोडता. भानुमती मॅडमचा रस्ता आता फातिमा बीवींच्या रस्त्यावरून धरता येतो, तो आधी नव्हता. त्यामुळे जेएमएफसी लागली की सुटले, असं समजून पुस्तकं बांधून ठेवू नको, तीच चूक शंभरातल्या नव्वद जणी करतात.

लग्नाचं म्हणशील तर कर किंवा नको करू, तो तुझा प्रश्न, फक्त 35 च्या त्या परीक्षेचं वर्ष मुलाला ठरवतानाच सांगून टाक. लाजायचं काय त्यात.

ती तीन वर्षं मुंबई-पुण्याला वगैरे जाऊ नको, न्यायमंदिरातच, म्हणजे आपल्या जिल्हा कोर्टातच, बस. हायकोर्टात एखाद्या मोठ्या सीनियरच्या मागे फाइल घेऊन उभं राहण्यापेक्षा जिल्हा कोर्टात उलटतपासणी करायला देणारा सीनियर शोध, पैसे कमी देईल, देऊ दे. रोजनामा (केसमध्ये रोज काय झालं त्याची नोंद) वाचायला शीक, नाझर-शिरस्तेदार या कोर्टाच्या कर्मचाऱ्यांशी गोड बोल, त्यांना अर्ध्या वकिलांपेक्षा जास्त प्रोसिजर येतं. आणि सनद मिळाली की पहिल्या महिन्यापासून एक वही घाल, कोणत्या कोर्टात, कोणत्या केसमध्ये वकीलपत्र, कोणत्या तारखेला हजर, कारण परीक्षेच्या वेळी वकिलीचं सर्टिफिकेट किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घ्यायचं आणि त्यावर न्यायाधीशांची सही लागते, तेव्हा तीन वर्षांचे केस नंबर आठवून आठवून लिहिणाऱ्या पोरी मी दरवर्षी बार रूममध्ये बघते.